कोपानचा चित्रलिपीचा जिना: आधी उभारला, मग वाचता आला

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेलगत, कोपान हे प्राचीन माया शहर आहे. तिथल्या एका पिरॅमिडच्या पश्चिम अंगावर सुमारे १० मीटर रुंद आणि २१ मीटर लांब असा दगडी जिना चढत जातो. साठाहून अधिक पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या उभ्या तोंडांवर कोरलेली सुमारे २,२०० चिन्हे. माया लिपीतला आजवर सापडलेला हा सर्वांत मोठा लेख. आज तो ताडपत्रीच्या छताखाली आहे आणि त्यावर पाय ठेवायला पर्यटकांना मनाई आहे. वरच्या पायऱ्यांचे बरेच दगड मूळ क्रमाने बसवलेले नाहीत, हे अभ्यासकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही ते कुणी हलवलेले नाहीत.

चूक माहीत असून ती दुरुस्त न करण्याच्या या निर्णयापर्यंत गोष्टी कशा आल्या, ते इथे मांडले आहे. ज्यांची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत तेवढीच दिली आहेत. अलीकडच्या काळात तिथे काम करणाऱ्यांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

## पार्श्वभूमी: हरलेल्या घराण्याचे बांधकाम

कोपानचे राजघराणे इ. स. ४२६-२७ च्या सुमारास किनिच याश कुक मो या राजाने सुरू केले. त्याच्यानंतर पंधरा राजे झाले. सोळाव्याने, याश पासाह चान योपातने, ७७६ मध्ये एक चौकोनी वेदी घडवून घेतली आणि तिच्या चार बाजूंवर प्रत्येकी चार असे सोळाही राजे ओळीने बसवले. अभ्यासक तिला ‘क्यू’ वेदी म्हणतात. कोपानचा राजवंश समजून घ्यायचा तर ही वेदी हाताशी असलेली सर्वांत सोपी वंशावळ आहे.

जिन्याची गोष्ट मात्र तेराव्या राजापासून सुरू होते. वाशाक्लाहुन उबाह काविल ६९५ मध्ये गादीवर आला. मोठ्या चौकातले बहुतेक उंच कोरीव स्तंभ त्याच्याच काळातले. त्याने ७१० मध्ये आपल्या आधीच्या, म्हणजे बाराव्या राजाच्या समाधीवरच्या इमारतीला लेख कोरलेला जिना जोडला. चेंडूच्या खेळाचे मैदान त्याने ७३८ च्या जानेवारीत नव्याने बांधून पूर्ण केले. त्याच वर्षी उत्तरेकडच्या क्विरिग्वा या शहराच्या राजाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. क्विरिग्वा तोवर कोपानचे मांडलिक होते, म्हणजे मार बाहेरच्या बलाढ्य शत्रूकडून नव्हे, हाताखालच्याकडून बसला होता.

पुढच्या राजाच्या अकरा वर्षांत कोपानमध्ये फारसे काही उभारले गेले नाही. पंधरावा राजा काक यिप्याह चान काविल ७४९ मध्ये आला. त्याने जुना जिना नव्या, मोठ्या पिरॅमिडवर पुन्हा बसवला आणि लेखाची लांबी कितीतरी वाढवली. ७५५ च्या सुमारास काम संपले आणि ७५६ मध्ये पायथ्याशी त्याचा स्वतःचा स्तंभ उभा राहिला. लेखात पूर्वीच्या राजांचे राज्यारोहण आणि मृत्यू तारखांसह कोरले होते. जिन्याच्या मधोमध ठरावीक अंतरावर सजवलेल्या वेशातले राजे बसवले होते. घराण्याची अब्रू सावरण्यासाठी घराण्याचा अख्खा इतिहास दगडात काढून चौकासमोर मांडावा, हा हेतू याहून उघड करणे कठीण आहे.

## अडचणीचे मूळ: आतला भराव

बाहेरून इतका भव्य असलेला हा जिना आतून कमकुवत होता. कोपानच्या सुरुवातीच्या काही इमारतींत चुना भरपूर वापरलेला दिसतो. आठव्या शतकात तो कमी होत गेला आणि दगडगोटे व चिखलाचा भराव वाढला. चुना भाजायला लाकूड लागते आणि खोऱ्यातले जंगल तोवर बरेच विरळ झाले होते, असे स्पष्टीकरण दिले जाते. कारण ते असो वा घाई, चिखलाच्या भरावाच्या तोंडावर घडीव दगडांची एक पातळ फळी उभी होती. आत पाणी मुरले की भराव फुगतो, मग सरकतो आणि तोंडावरच्या दगडांना बाहेर ढकलतो.

दगडही नाजूक. तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ आहे. आपला सह्याद्रीतला काळा पाषाण ज्वालामुखीचाच, पण त्याला छिन्नी लावताना हात भरून येतात. टफ ताजा काढलेला असताना लाकडासारखा कोरता येतो. कोपानच्या शिल्पांतली गोलाई आणि खोली त्या मऊपणामुळेच शक्य झाली. पण हा दगड पाणी पितो, वाळतो, पुन्हा पितो.

नवव्या शतकात राजवट संपली. ८२२ सालच्या एका वेदीची एकच बाजू कोरून झाली आहे, काम अर्धवट सोडलेले. पुढे केव्हातरी जिन्याचा वरचा भाग कोसळला. तळाच्या काही पायऱ्या जागच्या जागी राहिल्या. वरचा एक पट्टा न विस्कटता तसाच खाली घसरला. बाकीचे शेकडो कोरीव दगड चौकात विखुरले आणि त्यांच्यावर माती व झाडी चढली. १८३९ मध्ये अमेरिकन प्रवासी-लेखक जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड तिथे पोचले. स्टीफन्सने कोपानचे अवशेष ५० डॉलरला विकत घेतले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण जिना तेव्हा ढिगाऱ्याखाली होता.

## पहिला निर्णय: उचलण्याआधी नोंद

हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियमची मोहीम १८९१ मध्ये कोपानला आली. दुसऱ्या हंगामाचा प्रमुख जॉन ओवेन्स १८९३ मध्ये तापाने तिथेच दगावला आणि त्याला मोठ्या चौकातच पुरले. पुढे काम जॉर्ज बायरन गॉर्डनकडे आले. त्याच्यासमोर एका डोंगराएवढा ढीग होता, त्यात कोरीव दगड, आणि ती लिपी कुणालाही वाचता येत नव्हती. कालगणनेची चिन्हे तेवढी ओळखू येऊ लागली होती.

त्याला तीन गोष्टी करता आल्या असत्या: चांगले दिसणारे दगड निवडून नेणे, सगळे जागेवर परत रचायचा प्रयत्न करणे, किंवा प्रत्येक दगड कुठे सापडला ते टिपून त्याचे छायाचित्र आणि साचा घेणे. पहिली गोष्ट थोड्याफार प्रमाणात घडलीच. काही दगड आणि एक बसलेली मूर्ती अमेरिकेतल्या केंब्रिजला, पीबॉडी म्युझियममध्ये गेली. पण मुख्य भर तिसऱ्या गोष्टीवर राहिला. काचेच्या निगेटिव्हवर शेकडो छायाचित्रे घेतली गेली, साचे काढले गेले, आणि १९०२ मध्ये गॉर्डनने जिन्यावरचा अहवाल प्रसिद्ध केला.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. त्या वेळी तो तसा वाटला नसणार, कारण त्यातून पाहायला काहीच उभे राहिले नाही. दगड चौकात मांडून ठेवलेले राहिले, इतकेच.

## दुसरा निर्णय: वाचता येत नसलेला लेख परत चढवायचा का?

१९३४ च्या अखेरीस या भागात मोठा भूकंप झाला. कोपानच्या अवशेषांनाही धक्का बसला. शिवाय कोपान नदी शतकानुशतके पूर्वेकडून राजवाड्याच्या टेकाडाला कापत आली होती. तिने अनेक इमारती गिळल्या होत्या आणि टेकाडाचा उभा काप उघडा पाडला होता, ज्यात एकावर एक चढवलेल्या फरशा आणि जोती आजही दिसतात. १९३५ पासून कार्नेगी इन्स्टिट्यूशन या अमेरिकन संशोधन संस्थेने होंडुरास सरकारबरोबर दुरुस्तीचे काम हाती घेतले. प्रमुख होता गुस्ताव स्ट्रॉमस्विक. हा मूळचा नॉर्वेचा खलाशी, मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्यावर जहाज सोडून पळालेला, आणि चिचेन इत्झा या तिथल्या माया शहरात यंत्रे दुरुस्त करता करता पुरातत्त्वाकडे वळलेला. अशा माणसाने नदी वळवायचे मनावर घेतले यात नवल नाही. नदी वळवली गेली आणि टेकाड वाचले. या भागाबद्दल दुमत नाही.

जिन्याबद्दल आहे. चौकात पडलेले दगड चोरीला जात होते, पायाखाली येत होते, पावसात भिजत होते. ते वर चढवले तर निदान एका जागी राहतील, आणि जिना जिना दिसेल. विरोधी बाजू एवढीच की, कुठला दगड कुठे होता ते माहीत नव्हते. तळाच्या पायऱ्या आणि एकसंध घसरलेला पट्टा सोडला तर बाकीच्यांची जागा ठरवायला काही आधार नव्हता.

स्ट्रॉमस्विकने दगड चढवले. माहीत असलेला क्रम पाळला आणि उरलेले जागा मिळेल तसे सिमेंटमध्ये बसवले. १९३९ मध्ये माया अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकोफ कोपानला येऊन इमारतींची पुनर्रचना-चित्रे काढत होती. माया लेखांत राजांचा खरा इतिहास आहे हे सिद्ध करणारा लेख तिनेच १९६० मध्ये लिहिला. त्याआधी १९५२ मध्ये सोव्हिएत भाषाशास्त्रज्ञ युरी क्नोरोझोफने या लिपीत उच्चारदर्शक चिन्हे असल्याचे दाखवले होते. म्हणजे जिना सिमेंटमध्ये घट्ट झाला आणि त्यानंतर दोनेक दशकांत त्याचा लेख वाचण्याची किल्ली हाती आली.

स्ट्रॉमस्विकला इथे दोष देणे सोपे आहे, आणि मला ते पटत नाही. वीस वर्षांनी लिपी उलगडेल म्हणून कोरीव दगड पावसात ठेवा, असे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने ते हसण्यावारी नेले असते. पण एक गोष्ट त्याला तेव्हाही करता आली असती, तिच्याकडे शेवटी येऊ.

## तिसरी अडचण: दगड सोलला जाऊ लागला

जिना उभा राहिल्यावर लेखाची खरी झीज सुरू झाली. ढिगाऱ्याखाली असताना कोरीव तोंडे झाकलेली होती. आता ती उतारावर, उघड्यावर होती. इथे मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस पडतो, मग ऊन. वरून येणारे पाणी पायरीपायरीने उतरे आणि मागच्या भरावातूनही पाझरे. दगडावर शेवाळ आणि दगडफूल चढले. भिजणे-सुकणे वारंवार झाले की टफची वरची साल पापुद्र्यासारखी सुटते, आणि लेख नेमका त्या सालीतच असतो. चढणाऱ्या पर्यटकांच्या पायांनी भर घातली.

त्यावर वेळोवेळी उपचार झाले. दगडफूल मारायला रसायने, घासून सफाई, सुटे पापुद्रे धरून ठेवायला कृत्रिम राळ. यांतला प्रत्येक उपाय करणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता. पण कुठल्या दगडाला काय लावले याची सलग नोंद राहिली नाही, त्यामुळे पुढच्या माणसाला दगडावर दिसणारा डाग निसर्गाचा की आधीच्या उपचाराचा हे सांगणे अवघड झाले.

१९८५ मध्ये जिन्यावर ताडपत्रीचे छत ताणले गेले. तात्पुरता उपाय म्हणून. १९८६ पासून जिन्याच्या अभ्यासाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला आणि पिरॅमिडच्या पोटात बोगदे खणून आतल्या जुन्या इमारती शोधल्या गेल्या. १९८९ मध्ये त्यातच बाराव्या राजाची मानली जाणारी समाधी सापडली. जिना कुणाच्या आठवणीसाठी सुरू झाला याचे उत्तर जिन्याच्या थेट मागे मिळाले. त्याच वर्षी शेजारच्या १६ क्रमांकाच्या इमारतीखाली रोसालिला हे गिलाव्याने मढवलेले मंदिर जवळजवळ अखंड सापडले. माया लोकांनी ते न पाडता काळजीने पुरले होते, आणि पुरल्यामुळेच त्याचे रंग टिकले. जिन्याच्या बाबतीत उघडे पडणे म्हणजे काय, हे याहून ठळकपणे कुठल्या तुलनेतून कळणार?

## समोर असलेले पर्याय

१९९९ मध्ये होंडुरासची मानवशास्त्र व इतिहास संस्था आणि गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट ही अमेरिकन संवर्धन संस्था यांनी जिन्याची पद्धतशीर तपासणी सुरू केली. त्या घडीला चार वाटा दिसत होत्या.

पहिली, मूळ दगड काढून संग्रहालयात न्यायचे आणि जागेवर प्रतिकृती बसवायच्या. कोपानमध्ये हे आधी झालेले होते: ‘क्यू’ वेदी आणि ‘ए’ स्तंभ १९९६ मध्ये उघडलेल्या शिल्प संग्रहालयात आहेत आणि बाहेर त्यांच्या प्रतिकृती. पण एकटा स्तंभ हलवणे वेगळे. सिमेंटमध्ये बसलेले शेकडो ठिसूळ दगड पहारीने सोडवताना किती कडा तुटतील, याचा विचारच नको. शिवाय जिना पिरॅमिडवरून काढला की त्याचे जिनापण संपते.

दुसरी, तो खोलून योग्य क्रमाने पुन्हा बसवायचा. कागदावर ही सर्वांत आकर्षक वाट, आणि माझ्या मते सर्वांत धोकादायक. क्रमाचा बराच भाग आता सांगता येत होता, पण सगळा नाही. झिजलेल्या दगडांबद्दल अभ्यासकांत मतभेद होते. म्हणजे एक अंदाज काढून दुसरा अंदाज सिमेंट करायचा, आणि त्यापायी दगड दुसऱ्यांदा सोलून घ्यायचे.

तिसरी, रासायनिक द्रव्ये भरून दगड मजबूत करायचा. आधीच्या उपचारांचा अनुभव ताजा असताना या वाटेबद्दल उत्साह असणे शक्यच नव्हते. आणि आतला भराव ओला असेल तर वरचा घट्ट थर ओल्याला आत कोंडून धरतो, आणि मग तो थरच सुटतो.

चौथी, फारसे काही न करणे: छत ठेवायचे, माणसे चढू द्यायची नाहीत, सुटत चाललेले पापुद्रे तेवढे जागेवर बसवायचे आणि लक्ष ठेवायचे.

## निर्णय कशावर ठरला

इथे गॉर्डनची काचेची निगेटिव्ह कामी आली. १८९० च्या दशकातली छायाचित्रे, नंतरच्या दशकांतली छायाचित्रे आणि सध्याचा दगड असे शेजारी ठेवून एकेका दगडाची तुलना केली गेली. जे चित्र पुढे आले त्याने प्रश्नच बदलला. बरेचसे नुकसान १९८५ च्या आधीचे होते. छत आल्यानंतर झीज एकदम मंदावली होती. म्हणजे जिना आज झपाट्याने नष्ट होत आहे, हा गृहीत धरलेला मुद्दा बरोबर नव्हता. तो आधीच बराच झिजलेला आणि आता बऱ्यापैकी स्थिर झालेला होता.

घाई नाही हे कळल्यावर धाडसी उपायांची गरज उरत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा रोख चौथ्या वाटेकडे होता: जिना जागेवर, छताखाली, माणसांपासून दूर, मर्यादित डागडुजी आणि नियमित निरीक्षण.

क्रमाचे काम दगडांना हात न लावता वेगळे चालू राहिले. जुनी छायाचित्रे आणि साचे यांच्या आधारे एकेक जोड शोधला गेला. माया लेखांत दोन तारखांमधले अंतर दिवसांत लिहिलेले असते, त्यामुळे एका दगडावरची तारीख आणि दुसऱ्यावरचे अंतर यांचा मेळ बसला तर ते शेजारी होते असे म्हणता येते. ७१० चा भाग आणि ७५५ चा भाग यांची कोरीव धाटणी वेगळी आहे, तीही मदतीला येते. पुढे दगडांचे आणि जुन्या साच्यांचे त्रिमितीय स्कॅन झाले. त्यामुळे पडद्यावर दगड हवे तसे हलवता येतात आणि चुकले तर परत ठेवता येतात. काही साच्यांवर आज दगडावरून गेलेली रेषा अजून आहे.

## निष्पत्ती

जिना उभा आहे. लेखाचा मोठा भाग वाचला गेला आहे आणि कोपानच्या राजांच्या तारखा त्यातून पक्क्या झाल्या आहेत. किंमतही आहे. छतामुळे पूर्ण जिन्याचे मोकळे छायाचित्र मिळत नाही, आणि दूरवरून आलेले पर्यटक त्यावरून नाराज होतात. ताडपत्री झिजते, फाटते, बदलावी लागते, आणि तिचा खर्च दर वर्षी कुणाच्या तरी अंदाजपत्रकात बसवावा लागतो. ‘तात्पुरते’ छत वीस वर्षांनंतरही शिफारशीत कायम राहिले, ही या प्रकरणातली किंचित गमतीची बाजू.

बोगद्यांचा प्रश्न वेगळा आणि अजून अवघड आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर त्यांत पाणी आणि ढासळण्याची भीती वाढली. खणताना उजेडात आलेला गिलावा हवेत आला की खराब होऊ लागतो. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

## वेगळे काय करता आले असते

स्ट्रॉमस्विकला जी गोष्ट करता आली असती ती ही: खात्रीच्या आणि बिनखात्रीच्या पायऱ्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक ठेवणे. मधे एक साधी पट्टी, वेगळ्या रंगाचा सांधा, काहीही. तसे असते तर पाहणाऱ्याला कुठवर विश्वास ठेवायचा हे कळले असते. शिवाय सिमेंटऐवजी चुन्याचा सांधा घेतला असता तर पुढे दगड सोडवणे निदान शक्य कोटीत राहिले असते. चुना त्या काळी अनोळखी नव्हता. झटपट आणि मजबूत म्हणून सिमेंट निवडले गेले.

दुसरे, छप्पर. दगड चढवल्यापासून छत येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे गेली, आणि छायाचित्रांच्या तुलनेनुसार जास्तीत जास्त लेख नेमका त्या चाळीस वर्षांत गेला. त्यासाठी कसलेही नवे तंत्रज्ञान लागत नव्हते. त्या खोऱ्यातली घरे गवताने आणि झावळ्यांनी शाकारली जात होती. जिना उघडाच दिसला पाहिजे, तरच तो पुनर्रचना केल्यासारखा वाटतो, या समजुतीने तो उघडा राहिला असावा.

तिसरे, उपचारांची नोंदवही. प्रत्येक दगडाला क्रमांक आणि त्यापुढे तारीख, द्रव्य, प्रमाण, काम करणाऱ्याचे नाव. १९७० च्या दशकात हे सुरू झाले असते तर १९९९ च्या तपासणीतले डागांचे कोडे बरेच सुटले असते.

आणि एक प्रश्न अजून खुला आहे. मूळ जिना खोलायचा नाही हे ठरले. पण स्कॅनमधून सुधारित क्रमाची पूर्ण आकाराची प्रतिकृती शिल्प संग्रहालयाजवळ उभारायला हरकत काय? रोसालिलाची भव्य, रंगीत प्रतिकृती तिथे आहेच. विरोध करणारे म्हणतात की क्रम अजून पूर्ण ठरलेला नाही आणि प्रतिकृती उभी राहिली की अंदाज पुन्हा दगडासारखा घट्ट होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रतिकृती सांध्यांनी न जोडता सुट्या ठोकळ्यांची करावी, आणि ज्या ठोकळ्यांची जागा नक्की नाही ते बाजूच्या फळीवर मोकळे ठेवावेत.